हंगामापुरते घर

वेल्सच्या वायव्येला एररी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जगाला तो स्नोडोनिया या इंग्रजी नावाने माहीत झाला. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने २०२२ मध्ये मूळचे वेल्श नावच वापरायचे ठरवले. या मुलखातल्या दऱ्यांमध्ये, ओढ्याच्या काठाने किंवा मेंढ्यांच्या कुरणाला लागून, लांबट आणि बुटक्या घरांच्या ओळी दिसतात. रंग फिकट हिरवा, मातकट किंवा दुधी, छपराला जेमतेम उतार, दर्शनी बाजूला रुंद काच. या स्टॅटिक कॅरॅव्हॅन. भिंतींपासून पडद्यांपर्यंत कारखान्यात तयार झालेले हे घर मोठ्या ट्रकवरून येते, सिमेंटच्या जोत्यावर टेकवले जाते आणि पुढची कित्येक वर्षे तिथून हलत नाही. खाली पोलादी सांगाडा असतो, त्याला चाकेही असतात, पण ती ट्रकवरून उतरवल्यावर जागेपर्यंत ढकलत नेण्यापुरती. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले, तेव्हा नजरेसमोर होती ती बिछाने आणि ओटा घेऊन रस्त्यावर धावणारी मोटार. वेल्समधली ही जात निराळी. इथे घर जागचे हलत नाही; माणसेच दर काही आठवड्यांनी त्याच्याकडे येतात.

कायद्याच्या लेखी मात्र ते घर नाहीच. ब्रिटनमधील १९६० आणि १९६८ च्या कॅरॅव्हॅनविषयक कायद्यांनी माणसांना राहण्याजोगी आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येईल अशी वास्तू म्हणजे कॅरॅव्हॅन, असे ठरवले. ती प्रत्यक्षात कधी नेली जाते का, हे कायदा विचारत नाही. नेता येते का, एवढेच पाहतो. कमाल मापेही नेमलेली आहेत. दोन तुकडे जोडून केलेली कॅरॅव्हॅनसुद्धा २० मीटर लांबी, ६.८ मीटर रुंदी आणि आतल्या बाजूने ३.०५ मीटर उंची यांपलीकडे जाऊ शकत नाही. डोंगरातल्या तळांवर दिसतात त्या बहुतेक याहून पुष्कळ लहान, साधारण ३५ फूट लांब आणि १२ फूट रुंद. तळ चालवायला नियोजनाची परवानगी लागते आणि स्थानिक परिषदेचा परवानाही. आगीच्या भीतीने दोन कॅरॅव्हॅनमध्ये किती मोकळी जागा सोडायची, तेही परवान्यातच लिहिलेले असते. हा सगळा कागदोपत्री तपशील कोरडा वाटेल, पण या सुट्टीचे सुख आणि तिची दुखणी, दोन्ही इथूनच निघतात. जे घर आहे आणि तरी घर ठरत नाही, त्याची मालकी वेगळी, कर वेगळा, आणि शेजारच्या गावाशी त्याचे नातेही वेगळे.

हौसेने कॅरॅव्हॅनमध्ये राहण्याची सुरुवात श्रीमंतांनी केली. नौदलातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी बनवून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडपर्यंत मजल मारली. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. १९०७ मध्ये अशा हौशी लोकांचा क्लब निघाला, पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅन आल्या. कामगार कुटुंबांपर्यंत ही हौस पोचायला १९३८ चा पगारी सुट्टीचा कायदा आणि त्यानंतरचे महायुद्ध संपणे, एवढे व्हावे लागले. हातात सुट्टी आली, खिशात थोडे पैसे आले, पण हॉटेलात आठवडा काढण्याइतके नाहीत. लोक जुन्या बस, मोडीत निघालेले रेल्वेचे डबे समुद्रकाठी नेऊन त्यात उन्हाळा काढू लागले. त्यांची जागा हळूहळू कारखान्यात बनलेल्या कॅरॅव्हॅनने घेतली. इंग्लंडच्या पूर्वेकडील हल शहराच्या आसपास हा उद्योग एकवटला. १९४६ पासून काम करणारी विलर्बी ही कंपनी तिथलीच. वेल्सच्या डोंगरातली कॅरॅव्हॅन बहुधा इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाहून आलेली असते. तिच्या प्रवासातला सर्वांत अवघड भाग म्हणजे शेवटचे काही मैल. दगडी कुंपणांमधून जाणारी गल्लीवजा वाट, तिच्यावरचे वळण आणि कमानीचा जुना पूल, आणि तिथून ट्रॅक्टर लावून इंच-इंच पुढे सरकणारे बारा फूट रुंदीचे घर.

या डोंगरात येणारे लोक मुख्यतः लिव्हरपूल, मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि त्यांच्या भोवतालच्या औद्योगिक शहरांतले. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपून निघाले की रात्रीच्या जेवणापर्यंत पोचता येते, एवढेच अंतर. पण या शहरांचे आणि वेल्सच्या दऱ्यांचे नाते सुट्टीच्याही आधीचे आहे, आणि ते पाण्याचे आहे. लिव्हरपूलने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्नवी खोऱ्यात धरण बांधून आपली तहान भागवली. बर्मिंगहॅमला १९०४ पासून एलान खोऱ्यातले पाणी मिळू लागले. १९६५ मध्ये बाला गावाजवळच्या ट्रवेरिन खोऱ्यात लिव्हरपूलसाठी आणखी एक जलाशय झाला आणि कापेल केलिन हे वेल्श बोलणारे गाव, त्याची शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमीसकट पाण्याखाली गेले. वेल्समधील बहुसंख्य खासदारांचा विरोध असताना हे झाले. लिव्हरपूलच्या नगर परिषदेने २००५ मध्ये त्याबद्दल माफी मागितली, पण ‘ट्रवेरिन लक्षात ठेवा’ अशी अक्षरे वेल्समध्ये भिंतीभिंतींवर आजही रंगवली जातात. बालाहून वर जाणारा रस्ता त्या जलाशयाच्या काठाकाठाने जातो आणि सुट्टीला निघालेल्या मोटारी त्याच रस्त्याने धावतात. लिव्हरपूलच्या माणसाने या डोंगरात पाऊल ठेवताना हा इतिहास जाणून घेतला पाहिजे. त्याच्या घरातल्या नळाचे पाणी ज्या मुलखाने दिले, त्याच मुलखात तो विसाव्याला येतो आहे.

डोंगरात उन्हाळ्यापुरते बिऱ्हाड थाटण्याची रीत वेल्सला नवी नाही. पूर्वी इथल्या शेतकऱ्यांची दोन घरे असत. खोऱ्यातले मुख्य घर म्हणजे हेंद्रे, आणि उंचावरच्या कुरणातले उन्हाळी घर म्हणजे हावोद. मेच्या पहिल्या तारखेला गुरे घेऊन वर जायचे, तिथे दूधदुभते करायचे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, हिवाळा लागताना खाली उतरायचे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ही पद्धत मोडली. वरच्या कुरणांत ठिकठिकाणी तिचे दगडी अवशेष आहेत आणि गावांच्या, शेतांच्या नावांत तिची आठवण आहे. आज बऱ्याच कॅरॅव्हॅन-तळांचा परवाना मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असतो. काहींनी तो साडेदहा-अकरा महिन्यांपर्यंत वाढवून घेतला आहे. माणसे बदलली, कारण बदलले, तरी डोंगराने घालून दिलेले वेळापत्रक फारसे बदललेले नाही. हिवाळ्यात इथे वस्ती करायची तर जाड दगडी भिंत हवी.

कॅरॅव्हॅनची भिंत तशी नसते. लाकडी चौकट, बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा, आतून पातळ फळ्या, मध्ये उष्णतारोधक थर. नव्या कॅरॅव्हॅनमध्ये दुहेरी काचा आणि गॅसवर चालणारी खोल्या तापवण्याची सोय असते. जुन्यांमध्ये एका भिंतीला गॅसची शेगडी आणि बाकी भिस्त ब्लँकेटांवर. दार उघडले की समोरच बैठक. रुंद खिडकीला धरून इंग्रजी यू अक्षरासारखे वळलेले गाद्यांचे बाक, आणि त्यांच्या खाली सामानाचे कप्पे, ज्यांत पत्त्यांचे कॅट, चिखलाचे बूट, अर्धवट जुळवलेली चित्रकोडी आणि मागच्या वेळी कुणीतरी विसरलेली छत्री सापडते. बाकांपैकी एक ओढला की पाहुण्यांसाठी पलंग. त्याला लागून ओटा, चार शेगड्या, बुटका फ्रिज. मग एकाच माणसाला जाता येईल अशी चिंचोळी बोळवजा वाट, तिच्या एका बाजूला न्हाणीघर, दुसऱ्या बाजूला मुलांची खोली. तिथे दोन अरुंद बिछान्यांच्या मधून आडवे चालावे लागते. शेवटी मोठ्यांची खोली, जिथे पलंगाच्या तिन्ही बाजूंना हातभर जागा. या घरात कुणाला काही लपवता येत नाही. रात्री एकाने कूस बदलली की सगळ्यांना कळते, आणि पहाटे उठणाऱ्याला किटलीची शिट्टी वाजायच्या आत ती उतरवावी लागते. शहरातल्या घरात चार खोल्यांत चार पडद्यांसमोर बसणारे कुटुंब इथे एका टेबलाभोवती येते, कारण दुसरीकडे बसायला जागाच नसते.

त्यात पाऊस. एररीतल्या उंच कड्यांवर वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो आपल्याकडच्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही; बाराही महिने येत-जात राहतो. ढग खाली उतरले की समोरचा डोंगर दिवसच्या दिवस दिसत नाही. हलक्या छपरावर सरीचा पहिला थेंबसुद्धा ऐकू येतो आणि जोराची सर आली की बोलणे थांबवावे लागते. स्टॅटिक कॅरॅव्हॅनमध्ये बरीच वर्षे येणाऱ्यांना आवाजावरून पावसाची जात कळते: रात्रभर चालणारी बारीक भुरभुर, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवी बडवणारी सर, आणि पाऊस थांबल्यावरही झाडांवरून टपटपत राहणारे पाणी. उघड्या जागेवरच्या कॅरॅव्हॅनना जोत्याशी साखळ्यांनी बांधून ठेवलेले असते, कारण वादळी वाऱ्यात घर हलते, आणि ते खरोखर हलते. या सुट्टीची खरी देणगी इथेच आहे. हॉटेलातला पाहुणा डोंगराचे चित्र पाहतो. कॅरॅव्हॅनमधला पाहुणा डोंगराच्या हवेत राहतो.

हंगाम सुरू करणे आणि बंद करणे ही या जीवनातली सर्वांत महत्त्वाची कामे, आणि जाणत्या माणसांकडून ती शिकावी लागतात. शरद सरत आला की पाणी काढून टाकायचे. गोठलेले पाणी फुगते आणि नळ्या फोडते. एका थंडीच्या रात्री झालेले नुकसान थेट मार्चमध्ये, फरशी भिजल्यावर कळते. म्हणून आधी मुख्य तोटी बंद, मग झाडून सगळे नळ उघडे, शॉवरची नळी खाली सोडलेली, फरशीखालच्या निचऱ्याची बुचे काढलेली, बंबातले पाणी ओतलेले. नळ्यांत उरलेले थेंब हवा फुंकून घालवतात. मोरीच्या वाकड्या नळीत आणि संडासाच्या भांड्यात न गोठणारे द्रावण ओततात. विमा कंपन्या हे सारे केले का, ते विचारतातच. नंतर घराची पाळी. गाद्या भिंतीपासून सोडवून उभ्या करायच्या म्हणजे मागून हवा खेळते. फ्रिजचे दार फटीएवढे उघडे ठेवायचे. उंदरांना वास लागेल असे काही, अगदी साखरेची पुडीही, मागे सोडायची नाही. दमट हवा शोषायला काहीजण वाडग्यांत मीठ भरून ठेवतात. गॅसच्या सिलिंडरची तोटी बंद, किल्ली खिशात.

मार्चमध्ये हाच क्रम उलटा. दार उघडताच कोंदट गारवा अंगावर येतो, खिडक्या उघडाव्या लागतात. नळ मिटून पाणी हळूहळू सोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. सांध्यातून सूं असा आवाज आला तर लगेच बंद. छपरावर आणि पन्हळीत हिरवे शेवाळ धरलेले असते, ते शिडी लावून मऊ कुंच्याने घासायचे. कुंपणापलीकडे त्याच आठवड्यांत मेंढ्या व्यालेल्या असतात आणि कोकरांचा कालवा दिवसभर चालू असतो. कुत्रा सोबत आणला असेल तर तो साखळीतच. दुपारपर्यंत गाद्या उन्हाला लागतात, ऊन असले तर. हे श्रम सुट्टीच्या हिशेबात कुणी धरत नाही, पण माणूस एखाद्या जागेचा होतो तो अशाच कामांमुळे. कुठल्या फांदीची पाने पन्हळीत साठतात आणि कुठल्या कोपऱ्यात पाणी तुंबते, हे ज्याला माहीत, त्याला ते ठिकाण माहीत.

बाकीचे दिवस साधे जातात. अर विद्वा हे १,०८५ मीटर उंचीचे वेल्समधले सर्वोच्च शिखर एकदा पायी चढून होते, एकदा १८९६ पासून चालणाऱ्या छोट्या रेल्वेने. बालाच्या सरोवरात नावा, फेस्टिनिओगच्या रेल्वेत बसणे, पाटीच्या दगडाच्या खाणी पाहणे. या खाणींचा मुलूख २०२१ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण वर्षानुवर्षे तिथेच येणारे कुटुंब हळूहळू प्रेक्षणीय स्थळे सोडून देते. मुले ओढ्यात दगडांचा बांध घालतात, पुढच्या वेळी तो वाहून गेलेला असतो, पुन्हा घालतात. संध्याकाळी चिलटांचे थवे उठले की सगळे आत. रात्र मोकळी मिळाली तर आकाश पाहण्यासारखे असते. २०१५ मध्ये एररीला गडद आकाशाचे आंतरराष्ट्रीय राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. तळचालकांनी दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवणे आणि नको तिथले दिवे काढणे ही त्यामुळे सौजन्याची किमान गोष्ट ठरते.

पैशाची बाजू स्पष्ट सांगायला हवी. कॅरॅव्हॅन विकत घेतली तरी खालची जमीन तळमालकाचीच राहते. घेणाऱ्याला मिळतो तो ठरावीक वर्षांचा परवाना, आणि त्यासाठी दरवर्षी भुईभाडे. विटांच्या घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते. कॅरॅव्हॅनची पहिल्या दिवसापासून उतरते. अनेक तळांवर वयाची अट असते, म्हणजे अमुक वर्षांची झाली की जागा सोडायची, मग आत राहणाऱ्याने ती कितीही जपलेली असो. विकायची झाली तर तळमालकाचा वाटा द्यावा लागतो. भाडे वाढले, तळ दुसऱ्या कंपनीने घेतला, नियम बदलले, तरी हातात फारसे काही नसते. कायमच्या वस्तीच्या फिरत्या घरांत राहणाऱ्यांना कायद्याने जे संरक्षण मिळते, ते सुट्टीच्या कॅरॅव्हॅनला नाही. निवृत्तीचे पैसे गुंतवणूक समजून यात घालणाऱ्यांची निराशा होते. ही गुंतवणूक नाही, काही वर्षांच्या मुक्कामाची आगाऊ दिलेली किंमत आहे, हे विक्रेत्याने सही घेण्याआधी सांगायला हवे.

गावाच्या बाजूने पाहिले की हाच कच्चेपणा गुण ठरतो. एररीचा बराचसा भाग आणि त्याच्या पश्चिमेचे थ्लिन द्वीपकल्प ज्या ग्विनेद परगण्यात येतात, तिथे २०२१ च्या जनगणनेनुसार ६४.४ टक्के लोकांना वेल्श बोलता येते. सबंध वेल्समध्ये हे प्रमाण १७.८ टक्के आहे. शहरातल्या पैशाने गावातली दगडी घरे सुट्टीसाठी विकत घेतली जातात, किमती चढतात, तरुण जोडप्यांना आपल्याच गावात घर परवडत नाही, आणि हिवाळ्यात निम्म्या गल्लीत दिवा नसतो. शाळेचा पट घटतो, आणि त्याबरोबर भाषा घटते. ग्विनेद परिषदेने २०२३ पासून दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराखेरीज दीडशे टक्के अधिभार लावला तो यामुळे. कॅरॅव्हॅन या झगड्याबाहेर राहते. तिच्यात कायमचे राहता येत नाही, ती गावातले एकही घर अडवत नाही, आणि तिच्यामुळे गवंडी, सुतार, वीजतंत्री, गॅसवाला आणि किराणा दुकान यांना काम मिळते. कितीतरी तळ सुरू झाले तेच मेंढपाळ शेतकऱ्याने एका कुरणात चार-सहा कॅरॅव्हॅन उभ्या करू दिल्या म्हणून. लोकरीला भाव नसलेल्या वर्षी त्या भाड्यावर शेत तगते. अर्थात शेकडो इंग्रजी कुटुंबांचा तळ एका लहान वेल्श खेड्याच्या उशाला वसला की दुकानातली भाषा बदलतेच. म्हणून तळाचे आकारमान मर्यादित हवे, आणि पाहुण्याने निदान सुप्रभात आणि धन्यवाद तरी वेल्शमध्ये म्हणायला शिकावे.

आकारमानाचा प्रश्न निसर्गदृश्याचाही आहे. राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५१ ची, म्हणजे कॅरॅव्हॅनची लाट येण्याच्या थोडी आधीची. पुढे कार्डिगनच्या उपसागराच्या आणि उत्तरेच्या किनाऱ्यावर पांढऱ्या कॅरॅव्हॅनच्या रांगा मैलोन्‌मैल पसरल्या. किनाऱ्यावर तर हलक्या घरांचा धोकाही दिसला: फेब्रुवारी १९९० मध्ये टॉविन इथे समुद्राची भिंत फुटली आणि वस्तीबरोबर कॅरॅव्हॅन-तळही बुडाले. उद्यानाच्या हद्दीत आता नव्या तळाला वाव ठेवलेला नाही. जुन्यांनी झाडी वाढवावी, दाटी कमी करावी, रंग परिसराशी जुळवावा, असा आग्रह असतो. तो रास्त आहे. ओक आणि भूर्जाच्या आडोशाला, मातकट हिरव्या रंगाची वीस-तीस घरे पलीकडच्या उतारावरून शोधावी लागतात, आणि त्यात राहणाऱ्यांच्या दृश्यातून काहीही वजा होत नाही.

कॅरॅव्हॅन ही केवळ परक्यांची चीज आहे, असा समज मात्र चुकीचा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वेल्श भाषेचा राष्ट्रीय आइस्टेथ्व्हॉड, म्हणजे काव्य-संगीताचा मोठा मेळा, दरवर्षी नव्या ठिकाणी भरतो आणि त्याच्या शेजारी कॅरॅव्हॅनचे सबंध शेत वसते. तिथे आठवडाभर वेल्शखेरीज दुसरी भाषा क्वचितच कानी पडते. जुलैत कृषी प्रदर्शनाला निघालेली शेतकरी कुटुंबेही मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडूनच येतात.

वयाची अट पुरी झालेली स्टॅटिक कॅरॅव्हॅन हंगाम संपल्यावर, जमीन फार ओली होण्याआधी काढली जाते. गॅस, वीज आणि पाणी तोडतात, कडेच्या फळ्या आणि दारापुढचा लाकडी ओटा सुटा करतात, चाकांत हवा भरतात आणि ट्रॅक्टर तिला रस्त्यापर्यंत ओढत नेतो. काही जवळच्या शेतावर जातात आणि मेंढ्यांच्या विण्याच्या दिवसांत रात्री जागणाऱ्या मेंढपाळाचा आसरा होतात. उरलेल्या मोडीत निघतात: पोलादी सांगाडा आणि ॲल्युमिनियम भंगारात, काचा आणि गाद्या वेगळ्या. जोते मात्र तसेच राहते. त्याला तडे गेले असतील तर बुजवतात, नळजोड तपासतात, आणि वसंताआधी तिथे नवी कॅरॅव्हॅन टेकवली जाते; पुष्कळदा तिची किल्ली घ्यायला येणारे कुटुंबही आधीचेच असते.